बोटभर उघडी काच

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझा रंग कोणता असं विचाराल, तर मला चटकन उत्तर देता येणार नाही. आज मी विटकरी दिसते. त्याआधी हिरवी होते, त्याआधी गुलाबी, त्याही आधी पिवळी. पण सगळ्या रंगांच्या तळाशी मी आकाशी आहे, आणि ही गोष्ट त्या आकाशी रंगाची आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. रस्त्यावरची वळणं मला जमतात, गोष्टीतली जमतील असं नाही. कंटाळा आला तर मध्येच खुशाल उतरा. मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की, आकाशी रंग लावण्याआधी एका कामगाराने बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर ठोकून ठोकून माझा क्रमांक उमटवला. दुखलं होतं. तो पुटपुटला, "बाकी सगळं बदलता येतं, हे नाही." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

मला ज्यांनी घेतलं त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही मनातल्या मनात बाबाच म्हणत असे. माझी पुढची काच ते चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने पुसायचे आणि पुसून झाली की सवयीने विचारायचे, "आता स्पष्ट दिसतंय?" घरात बाबा, आई आणि त्यांची दोन मुलं. मोठी ताई आणि तिच्यापेक्षा बराच लहान असलेला धाकटा. ताईची जागा ठरलेली होती, मागच्या सीटवर डावीकडची खिडकी. त्या जागेवर धाकटा बसला की भांडण आणि उठला की तह.

त्या खिडकीच्या काचेत एक खोड होती. दांडा फिरवून ती वर घ्यायला गेलं की शेवटी बोटभर फट उरायची. बाबा जोर लावायचे, धाकटा दांड्याला लोंबकळायचा, काच हलायची नाही. ताईने हात लावला की मात्र मुकाट्याने वर जाऊन बसायची. ताई नेमकं काय करते, हे कुणी कधी पाहिलंच नाही. घरातलं माणूस एखादं काम रोज करत असलं की ते कसं करतं, हे कोण बघत बसतं?

मग ताईचं लग्न ठरलं. मुलगा नदीपलीकडचा, म्हणजे दुसऱ्या देशातला. मध्ये एक लांब पूल होता आणि पुलाच्या दोन्ही टोकांना फाटकं होती. माणसांचे परवाने वेळेवर आले, माझा आला नाही. त्यामुळे बाबांनी ताईला फाटकापर्यंतच पोहोचवलं. पलीकडे तिच्या सासरची गाडी उभी होती. उतरायच्या आधी ताईने धाकट्याची हनुवटी धरली आणि म्हणाली, "मोठा झालास की हीच गाडी घेऊन यायचं. माझ्या दारात लावायची, ऐन दारात. सगळ्यांना दिसलं पाहिजे, माझ्या माहेरची गाडी आलीय. येशील ना?"

धाकट्याने रडत रडत होकाराची मान हलवली.

"अगं, काच लाव," बाबा मागे न बघता म्हणाले. पण ताई उतरली होती. काच बोटभर उघडीच राहिली. त्या दिवसापासून ती कुणालाच बंद करता आली नाही.

वर्ष सरायच्या आत दोन्ही सरकारांचं कशावरून तरी बिनसलं आणि पूल बंद झाला. मोठ्या माणसांची भांडणं मला कळत नाहीत. मला एवढंच कळलं की, सुटीच्या दिवशी बाबा मला नदीकाठच्या उंच वळणावर नेऊ लागले. तिथे ते इंजिन बंद करायचे. पलीकडच्या काठावर घरं दिसायची, दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसायचे. "ती पांढरी भिंत दिसतेय ना, तिच्या मागे असेल," बाबा म्हणायचे. पुढच्या खेपेला दुसऱ्याच भिंतीकडे बोट दाखवायचे. आई त्याही भिंतीकडे तितकाच वेळ बघायची. मागच्या फटीतून नदीवरचा वारा आत यायचा.

बाबा गेले, मग आईही गेली. ताईला येता आलं नाही. आई होती तेव्हाच धाकटा मोठा झाला, दुकानांच्या पाट्या रंगवू लागला आणि सगळे त्याला पेंटर म्हणू लागले. अक्षर असं काढायचा की, वाचता न येणाऱ्यालाही थांबून बघावंसं वाटावं. त्याचं लग्न झालं, बायको आली. आणि मित्रांनो, माझे रंग बदलू लागले. वर्षाचं काम संपलं की डब्यांच्या तळाशी उरलेला रंग पेंटर मला लावायचा. शाळेच्या फाटकाचा पिवळा, औषधाच्या दुकानाचा हिरवा, एकदा तर केस कापायच्या दुकानाचा गुलाबी. गल्लीतले लोक विचारायचे, "काय पेंटर, यंदा गाडी कुणाच्या दुकानाची?" मला लाज वाटायची. पण तो इतक्या मायेने ब्रश फिरवायचा की राग धरवत नसे. चाकांच्या आत, डिकीच्या झाकणाखाली, बॉनेटच्या आतसुद्धा रंग द्यायचा.

"बॉनेटच्या आत कोण बघणार आहे?" त्याची बायको म्हणायची.

"गंज बघतो," पेंटर म्हणायचा.

पुढे वाईट दिवस आले. छापील पाट्यांचा काळ आला आणि हाताने रंगवलेल्या पाट्या कुणाला नकोशा झाल्या. रस्ता रुंद करताना आमचं घर पाडलं गेलं. जिथे ताईची खोली होती, तिथून आता बस जाते. पेंटर आणि त्याची बायको एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. मला कामाच्या शेडमध्ये जुन्या पाट्यांच्या आड ढकललं. टायर बसले, बॅटरी मेली. एक मांजर माझ्या टपावर झोपायची, तेवढीच सोबत. अंधारात पडल्या पडल्या मी त्या उंच वळणाची आठवण काढत असे.

मग एकदा पेंटर शेडमध्ये आला, माझं दार उघडून आत बसला आणि स्टेअरिंगवर हात ठेवून स्वतःशीच बोलू लागला. पूल उघडला होता. अजून फक्त सरकारी बस जात होती. तो बायकोला घेऊन ताईला भेटून आला होता. ताई आता म्हातारी झाली होती. गुडघे गेले होते, हृदयही थकलं होतं. बसच्या पायऱ्या चढणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. भावाला बघून आधी खूप रडली, मग खूप हसली. घर पाडल्याचं ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. शेवटी म्हणाली, "तू आलास, डोळे निवले. पण माझं माहेर काही आलं नाही रे. आता तर ते उरलंच नाही." आणि थोड्या वेळाने विचारलं, "गाडी आहे?"

"आहे," पेंटर म्हणाला होता.

"चालते?"

"चालते की!"

"खोटं बोललो गं मी," पेंटर माझ्या स्टेअरिंगला म्हणाला.

त्यानंतर काही महिन्यांनी खासगी गाड्यांनाही पूल खुला झाला, आणि त्याच आठवड्यात ताईच्या मुलाचा फोन आला. "मामा, गाडी घेऊन यायचं म्हणता तर लवकर या. आई आता फक्त दारापर्यंत चालते. रोज दारात खुर्ची टाकून बसते. कुणाची गाडी वाजली की मान वर करते."

मित्रांनो, मग माझ्या अंगात जणू पुन्हा जीव आला. नवे टायर, नवी बॅटरी. गॅरेजवाल्याने माझं इंजिन खोलून पाहिलं आणि म्हणाला, "पेंटर, ही गाडी नाही, हट्ट आहे तुमचा." पेंटर म्हणाला, "मग हट्ट दुरुस्त कर." शेवटी त्याने मला विटकरी रंग दिला. उरलेला नव्हे, दुकानातून नवा डबा आणून. अर्थात बॉनेटच्या आतही.

एक अडचण होती. नदीपलीकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. माझं स्टेअरिंगही उजवीकडे. त्यामुळे पुढच्या वाहनाला मागे टाकायचं तर समोरून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसतच नाही, डावीकडे बसलेल्याला दिसतं. पेंटर रोज सकाळी मला एका बंद पडलेल्या गिरणीच्या मैदानात नेऊन रिकाम्या डब्यांच्या भोवती उलट्या बाजूने फिरवू लागला. बायको डावीकडे बसायची. जन्मभर तिने "हळू", "बघा", "कुत्रं" असा एखादा शब्द उच्चारला की पेंटर म्हणायचा, "स्टेअरिंग माझ्या हातात आहे ना? मग गप्प बस." आता म्हणायचा, "बोल की! गप्प का?"

"गप्प बसायची सवय लावलीत, आता बोल म्हणता. जमायला वेळ लागेल," ती म्हणायची.

सराव इतका पक्का झाला की, निघायच्या दिवशी पेंटरने मला आपल्याच गल्लीतून उजव्या बाजूने बाहेर काढलं. समोरून येणारा दूधवाला सायकलसकट भिंतीला चिकटला. "अहो पेंटर," तो ओरडला, "परदेश अजून लांब आहे!"

दुपारपर्यंत आम्ही पुलाशी पोहोचलो. आपल्या बाजूच्या फाटकात कागदांवर शिक्के बसले, फाटकाचा आडवा दांडा वर गेला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पुलावर चढले. किती वर्षं मी तो दुरून पाहिला होता! खाली नदी होती, तीच. मधोमध जमिनीवर एक पांढरा पट्टा होता. मला वाटलं होतं, तो ओलांडताना काहीतरी वेगळं वाटेल. काही वाटलं नाही. पलीकडचं डांबर जरा खरखरीत होतं, इतकंच.

पलीकडच्या फाटकात एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी कागद पाहिले, डिकी पाहिली, मग म्हणाल्या, "बॉनेट उघडा. गाडीवर कोरलेला नंबर बघायचाय."

पेंटरने मोठ्या ऐटीत बॉनेट उघडलं. आतला विटकरी रंग झळकला. बाईंनी टॉर्च मारला, वाकून पाहिलं, पत्र्यावरून बोट फिरवलं.

"नंबर कुठाय?"

"इथंच आहे की," पेंटरने बोट ठेवलं. तिथे गुळगुळीत रंग होता. त्याचा चेहरा उतरला. "रंगाखाली आहे, मॅडम."

"रंगाखाली काय आहे, ते मला कसं कळणार? कागदावरची गाडी हीच आहे, कशावरून?"

"मी लहानपणापासून ओळखतो हिला."

"तुम्ही ओळखता. मी नाही ना ओळखत. परत जा, तुमच्याकडून तपासून घ्या, नवीन परवाना काढून या."

नवीन परवान्याला महिने लागले असते. आणि पलीकडे कुणीतरी दारापर्यंतच चालू शकत होतं. माझं इंजिन बंद होतं, तरी मला धडधडल्यासारखं झालं. पेंटरने मला गंजू दिलं नाही म्हणून मी इथवर आले होते, आणि त्याच्याच मायेने माझं नाव बुजवलं होतं.

"बॉनेटच्या आत कोण बघणार, असं लग्न झाल्यापासून विचारतेय मी," पेंटरची बायको हळूच म्हणाली. "आलं ना बघणारं कुणीतरी." मग ती अधिकारी बाईंकडे वळली. "मॅडम, रंग खरवडला तर चालेल?"

बाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "बाजूला घ्या. संध्याकाळी फाटक बंद होईपर्यंत वेळ आहे. पण आकडा खराब झाला तर मी काही करू शकणार नाही."

रंग विरघळवायचं थिनर पेट घेतं, म्हणून ते आपल्याच बाजूच्या फाटकात काढून घेतलं होतं. पेंटरजवळ उरली होती एक पातळ पोलादी पट्टी. त्याने ती टेकवली आणि पुन्हा उचलली. जन्मात एका रेघेला न अडखळलेला हात! जोर जास्त झाला तर क्रमांकच खरवडला जाणार.

"पाटी समजा," बायको त्याच्या कानाशी म्हणाली. "उलट्या बाजूने रंगवताय असं समजा."

पेंटरने श्वास घेतला आणि हळूहळू खरवडायला सुरुवात केली. विटकरी गेला, हिरवा आला. "हा औषधवाल्याचा," तो पुटपुटला. हिरव्याखाली गुलाबी निघाला. "हा आईच्या शेवटच्या वर्षीचा." मग आणखी काही, आणि त्यांच्या तळाशी पिवळा. मित्रांनो, माझी सगळी वर्षं पापुद्र्यापापुद्र्याने जमिनीवर पडत होती. मला दुखत नव्हतं. उलट अंगावरची जड पांघरुणं कुणी एकेक करून काढावीत, तसं वाटत होतं. आणि मग पट्टीखाली आकाशी उजळला.

पेंटर थांबला.

"काय झालं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"काही नाही. हा बाबांच्या वेळचा रंग." त्याने बाहीने डोळे पुसले. "ताई गेली तेव्हा गाडी अशी होती."

त्या रंगाखाली क्रमांकाच्या कडा स्पष्ट दिसत होत्या. बाईंनी टॉर्च धरून एकेक आकडा मोठ्याने वाचला. पेंटरची बायको कागदातला प्रत्येक आकडा बघून मान डोलवत होती. शेवटचा आकडा जुळला तेव्हा बाईंनी शिक्का मारला. चेहरा तसाच कोरडा ठेवून म्हणाल्या, "परत जायच्या आधी एवढा भाग रंगवू नका." मग जरा थांबून, "आणि इथून पुढे उजव्या बाजूने. सावकाश जा."

परक्या देशातला तो रस्ता मी कधी विसरणार नाही. बोली कळत होती, पण ओळखीचं एकही अक्षर नव्हतं. पेंटरला तर पाट्या वाचायची भारी सवय, पण इथल्या पाट्या नुसतीच चित्रं वाटत होत्या. पुढे एक मोठा मालट्रक होता आणि आम्हाला त्याच्या मागचा चिखल सोडून काही दिसत नव्हतं.

"येऊ बाहेर?" ट्रकला मागे टाकण्याआधी पेंटर विचारायचा.

"या."

"नक्की?"

"या म्हटलं ना! थांबा, थांबा, थांबा! ...हं. आता या."

सगळा रस्ता असाच. शेवटी पेंटर म्हणाला, "तुला रस्ता बराच दिसतो की गं."

"पहिल्यापासून दिसतोय," ती म्हणाली.

ऊन कलताना आम्ही एका अरुंद गल्लीत शिरलो. टोकाच्या दारात एका खुर्चीवर पांढऱ्या केसांची बाई बसली होती. इंजिनाचा आवाज ऐकून तिने मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

विटकरी गाडी तिची नव्हती, मित्रांनो. तिची आकाशी होती.

पेंटरने मला ऐन दारात उभं केलं. "ताई, आलो बघ."

ताईने भावाच्या गालावरून हात फिरवला, पण नजर माझ्यावर होती. "ही कुणाची रे?"

पेंटर बॉनेट उघडायला धावला, तो आकाशी तुकडा दाखवायला. पण ताई काठी टेकत टेकत उलट बाजूला निघाली होती. मागच्या डाव्या खिडकीपाशी ती थांबली. काच बोटभर उघडी होती. तिने त्या फटीत आपलं बोट घातलं आणि तशीच उभी राहिली.

"अजून अडकते ही?" ती म्हणाली.

घरातून आलेल्या तिच्या मुलाने हात धरून तिला आत बसवलं. तिने डाव्या हाताचा तळवा काचेवर ठेवला, काच हलकेच बाहेर दाबली, दांडा अर्धा फेरा उलटा घेतला आणि मग सुलटा. काच सरसर वर गेली आणि बंद झाली.

"असं होतं होय!" पेंटर थक्क झाला. "किती वर्षं पावसात सीट भिजतेय आमची! सांगितलं का नाहीस कधी?"

"तुम्ही कुणी विचारलं कधी?" ताई म्हणाली. मग तिने मान मागे टेकली आणि डोळे मिटले. "आता मला कुणी घरात बोलवू नका. मी माहेरी आलेय."

तिचा चहा गाडीत आला. जेवणाचं ताटही गाडीत आलं. शेजारच्या दारातून तिची जाऊ डोकावली, तीही तितकीच म्हातारी. ताईने काचेवर टकटक केलं. "पाहिलीस का? माझ्या माहेरची गाडी."

"पाहिली बाई. जरा उशीरच केला म्हणायचा."

"आली ना पण!" ताई म्हणाली.

आमच्या परवान्याचे दिवस थोडेच होते. रोज दुपारी ताई माझ्यात येऊन बसायची. कधी पेंटर पुढे बसायचा आणि दोघं कुठेही न जाता, पाडलेल्या घराच्या एकेका खोलीतून फिरून यायची. "आता डावीकडे जिना," ती म्हणायची. "तिसरी पायरी वाजते," तो म्हणायचा.

निघायच्या सकाळी ताईने स्वतः आत बसून ती काच नीट बंद केली आणि मगच उतरली. "वाटेत वारा लागायचा नाही," ती म्हणाली. आम्ही गल्लीच्या वळणापर्यंत गेलो तरी ती दारात उभीच होती. मला मागे बघायचे आरसे आहेत, म्हणून मी तिला शेवटपर्यंत पाहू शकले. माणसांना ते जमत नाही. त्यांना पुढे बघून गाडी चालवावी लागते.

पूल ओलांडून आम्ही आपल्या बाजूच्या उंच वळणाशी आलो. कुणी न सांगताच पेंटरने मला थांबवलं. आत हवा कोंडल्यासारखी झाली होती. मग पेंटरची बायको, जिने मागून येणाऱ्या त्या गार वाऱ्याबद्दल जन्मभर कुरकुर केली होती, ती मागच्या सीटकडे वळली. हात लांब करून तिने दांडा फिरवला आणि काच बोटभर खाली घेतली. नदीवरचा वारा आत आला. तिने शाल कानांवर ओढली आणि म्हणाली, "चला."

मित्रांनो, आता मी शेडमध्येच असते, पण पाट्यांच्या आड नाही, दाराशी. पुन्हा तो रस्ता माझ्या नशिबात आहे की नाही, मला ठाऊक नाही. इंजिन थकलंय आणि पलीकडची खुर्चीही थकलीय. फोन आला की ताई भावाची तब्येत विचारायच्या आधी विचारते, "काच कशी आहे?" पेंटर तेल तपासायच्या निमित्ताने माझं बॉनेट उघडतो आणि त्या आकाशी चौकोनाकडे बघत राहतो. त्यावर त्याने पुन्हा रंग दिलेला नाही.

तुमच्या घरातही माझ्यासारखं काही जुनं असेल. त्याला जपा, हवा तर रंगही द्या, पण त्याचं नाव बुजेल इतका देऊ नका. घरातलं कुणी एखादी अडलेली काच सहज बंद करत असेल, तर ते कसं, हे ते माणूस जवळ आहे तोवर विचारून घ्या. आणि कुणाच्या दारात जायचं कबूल केलं असेल, तर टायरांत हवा आहे तोवर निघा. उशीर झाला तरी चालतो. पलीकडे दारात बसलेलं माणूस प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वर करत असतं.

काच बंद करता येते आता, मला आणि पेंटरला दोघांनाही ठाऊक आहे. तरी रोज संध्याकाळी शेडला कुलूप लावण्याआधी तो मागच्या डाव्या खिडकीपाशी येतो आणि ती बोटभर उघडीच आहे ना, एवढं बघून जातो.